शब्द कुणी द्यायचा? वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीचे प्रकरण

दिवाळीच्या आत गेट ॲप (सोसायटीच्या गेटवर कोण आले, कोण गेले याची नोंद ठेवणारे) देतो, हा शब्द बिल्डरला देऊन तीन आठवडे उलटले होते. ते ॲप करायचे की नाही हे ठरवण्यासाठी ज्यांना नेमले होते, त्या बाईंना ही बातमी कळली ती एका डेव्हलपरकडून, कंपनीखालच्या चहाच्या टपरीवर. "मॅडम, गेटच्या ॲपला लॉगिन ओटीपीने ठेवायचं की पिनने?" त्याने सहज विचारले. मॅडमनी कटिंगचा ग्लास खाली ठेवला. "कुठलं गेट?"

२०१९ चा जुलै. कंपनी ठाण्याची, नाव घेत नाही. मी तिथे सपोर्ट आणि इम्प्लिमेंटेशनचा प्रमुख होतो. म्हणजे या प्रकरणातली एक चूक माझ्या खात्यावर आहे, तीही पुढे येईल.

गाळा, सर आणि मॅडम

एमआयडीसी १९६२ ची, आणि तिची सुरुवातच वागळे इस्टेटपासून झालेली. जिथे लेथ आणि प्रेस चालायचे त्या गाळ्यांत आता काचेची पार्टिशने टाकून संगणक बसलेत. आमचा गाळाही त्यातलाच. पावसाळ्यात जिन्यात जुन्या ग्रीसचा वास यायचा.

आम्ही गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर विकत होतो. मेंटेनन्सची बिले, पावत्या, थकबाकी आणि तिच्यावरचे व्याज, सिंकिंग फंड, भाडेकरू ठेवला तर लागणारे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, वर्षअखेरचा ताळेबंद. दिसायला रटाळ, पण ठाण्यात या मालाला गिऱ्हाईक कमी नाही. घोडबंदर रोडला कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत जेवढे टॉवर उभे राहिले, तेवढ्या सोसायट्या झाल्या आणि प्रत्येकीला एक खजिनदार मिळाला. त्याला पगार नाही, शिव्या मात्र महिन्याच्या महिन्याला.

संस्थापक नौपाड्यात सोसायट्यांचे हिशेब तपासता तपासता या धंद्यात आलेले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. शेकडो खजिनदारांकडे त्यांचा मोबाइल नंबर होता आणि 'सरांना फोन केला की काम होतं' ही आमची सगळ्यात मोठी जाहिरात होती. पुढे कंपनी वाढली. बंगळुरूच्या मायगेटसारख्या कंपन्यांची ॲप्स टॉवरच्या गेटवर दिसायला लागली. सरांना वाटले, आता आपल्यालाही चकाचक काहीतरी हवे. म्हणून एप्रिलमध्ये ऐरोलीच्या एका मोठ्या आयटी कंपनीतून मॅडम आल्या. हुद्दा चीफ प्रॉडक्ट ऑफिसर, सीपीओ. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय करायचे आणि काय नाही, हे ठरवणारे पद.

हुद्दा मोठा, पण हाताखाली माणसे किती? दोन प्रॉडक्ट मॅनेजर (त्यातला एक माझ्याच टीममधून उचललेला) आणि आठवड्यातून तीन दिवस येणारी एक डिझायनर. डेव्हलपर सीटीओचे (तंत्रज्ञानप्रमुखाचे), विक्रीची पोरे विक्रीप्रमुखाची, फोन घेणारे माझे. बाहेरून पाहणाऱ्याला हे पद समजत नाही ते याच कारणाने. फसल्याचा जाब सीपीओला द्यायचा आणि काम करणारे हात दुसऱ्यांचे. ही कल्पना सॉफ्टवेअरपेक्षा जुनी आहे. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाची जाहिरात सांभाळणाऱ्या नील मॅकेलरॉय नावाच्या तरुणाने साहेबांना टिपण लिहिले, की एका ब्रँडच्या बऱ्यावाइटाची जबाबदारी एका माणसावर टाका. पुढे हाच गृहस्थ अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. तिथे त्याच्या हाती फौजा आल्या. आमच्या मॅडमच्या हाती एक एक्सेल शीट होते.

रुजू होण्यापूर्वी त्यांनी सरांना एकच प्रश्न विचारला होता, हे सरांनीच आम्हाला कौतुकाने सांगितले: "मी ग्राहकाला नाही म्हटलं, तर तुम्ही माझ्या पाठीशी उभे राहणार, की माझ्या पाठीमागून त्याला फोन करणार?" सर मोठ्याने हसले होते. हसणे म्हणजे उत्तर नव्हे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नाही.

शनिवारची रात्र

पहिला महिनाभर मॅडम काही 'करत' नव्हत्या. माझ्या टीमच्या कोपऱ्यात बसून त्या जुन्या कॉलची नोंद वाचत. मला राग यायचा. आमचे काम जोरात होते, आलेला कॉल त्याच दिवशी बंद. एकदा त्यांनी विचारले, "या सगळ्यांपुढे कारण 'बिलिंग' असं लिहिलंय. बिलिंगमधलं काय?" मी म्हणालो, एवढे कोण लिहीत बसणार. त्या काही बोलल्या नाहीत.

जूनमधल्या एका शनिवारी त्या मला घेऊन मानपाड्याच्या एका सोसायटीत गेल्या. मेट्रोचे पत्रे लागलेले, कापूरबावडीच्या पुढे गाडी हलेना. पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. सोसायटीचे ऑफिस म्हणजे स्टिल्टमधली खोली. एका भिंतीला मीटर, दुसरीला गणपतीच्या मंडपाचे गुंडाळलेले कापड. खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेले. टेबलावर आमचे सॉफ्टवेअर उघडे आणि शेजारी लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही.

काका बिल छापण्याआधी एकेका थकबाकीदाराचे व्याज वहीत स्वतः काढत होते. कॅल्क्युलेटरवर बोट, ओठांतल्या ओठांत आकडे, मग स्क्रीनकडे एक नजर, मग वहीत पेन्सिलीची बारीक खूण. फरक आला की तो सॉफ्टवेअरमध्ये 'ॲडजस्टमेंट' या खात्यात टाकत.

"किती दिवस करताय हे?" मॅडमनी विचारले.

"तुमचं सॉफ्टवेअर घेतल्यापासून."

"मग कळवलं नाहीत?"

"कळवलं की. तुमचा मुलगा म्हणाला, काका, आत्ताच आकडा बदलून देतो. दिलाही बदलून. पुढच्या बिलाला परत तेच." माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मुलगा चांगला आहे हो. दर वेळी बदलून देतो."

मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवेना.

तेव्हाच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, थकबाकीवरचे व्याज सरळ असायचे. दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा, दरसाल २१ टक्क्यांच्या वर जायचे नाही. आमचे सॉफ्टवेअर मात्र महिन्याचे व्याज थकबाकीत मिसळून पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज लावत होते. एखाद्या सभासदाचे ६०,००० रुपये दोन वर्षे थकले, तर २१ टक्क्यांनी सरळ व्याज होते २५,२००. महिन्यागणिक व्याजावर व्याज चढवले की तेच जवळपास ३१,००० होते. मधले पावणेसहा हजार सोसायटीचे नव्हेतच. वसुलीसाठी प्रकरण उपनिबंधकांकडे गेले आणि सभासदाच्या वकिलाने उतारा मागितला, तर पंचाईत खजिनदाराची.

एक 'इफ' आणि त्याची पिलावळ

सोमवारी मॅडमनी सीटीओला व्याजाचा कोड उघडायला लावला. त्यात काय सापडले ते सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

फार वर्षांपूर्वी एका सोसायटीने सरांकडे हट्ट धरला होता, की आमच्या सभेने ठराव केलाय, व्याजावर व्याज लावा. ठराव उपविधींत बसतो का, हे कुणी पाहिले नाही. सरांनी शब्द दिला, डेव्हलपरने कोडमध्ये 'इफ' टाकला: सोसायटी ही असेल तर असे करा. असे इफ पुढे वाढत गेले. कुणाला बिलावर गणपतीचे चित्र हवे, कुणाला जमा रक्कम आधी व्याजात वळती करून हवी, कुणाला आधी मुद्दलात. प्रत्येक इफच्या मागे कुणीतरी कुणालातरी दिलेला शब्द होता.

आता माझी चूक. नवी सोसायटी सॉफ्टवेअरवर उभी करायची म्हणजे दोन दिवसांचे काम. ते अर्ध्या दिवसात व्हावे म्हणून आम्ही जुन्या सोसायटीच्या सेटअपची प्रत काढायचो, नाव-पत्ता बदलायचा आणि सदनिका भरायच्या. प्रत काढायला सोयीची म्हणून आम्ही जी सोसायटी धरली होती ती नेमकी व्याजावर व्याजवाली. एका सोसायटीचा हट्ट आम्ही अशा रीतीने नंतरच्या बहुतेक सगळ्यांना घरपोच दिला.

मॅडम माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "म्हणजे आपलं प्रॉडक्ट काय करतं, हे आपल्यापैकी कुणीच ठरवलेलं नाही."

दोन वाजता फोन कोण उचलणार?

टपरीवरचा तो प्रश्न आला तो या सगळ्यानंतर. बिल्डरचे घोडबंदरला बरेच टॉवर, ताबा देताना प्रत्येकात आमचे सॉफ्टवेअर बसवायला तो तयार होता. अट एक, दिवाळीपूर्वी गेट ॲप. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात होती. डेव्हलपर म्हणत होते सहा आठवडे. त्याच डेव्हलपरना व्याजाचा कोडही नव्याने लिहायचा होता, आणि ३० सप्टेंबरच्या आत सोसायट्यांच्या वार्षिक सभा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खजिनदार आमच्याकडे रोज फोन करतात.

त्यात २२ जुलैला जीएसटीचे परिपत्रक येऊन थडकले. सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर आणि सभासदाचे मेंटेनन्स महिना ७,५०० च्या वर असेल, तर १८ टक्के कर. पण कर कशावर? कित्येक सोसायट्या ७,५०० च्या वरच्या फरकावर लावत होत्या. परिपत्रकाने सांगितले, पूर्ण रकमेवर. म्हणजे ९,००० मेंटेनन्स देणाऱ्याचा कर २७० वरून एकदम १,६२०. दुसऱ्या दिवशी आमच्या तिन्ही फोन लाइन दिवसभर गुंतलेल्या.

त्याच आठवड्यात सरांच्या केबिनमध्ये बैठक झाली. विक्रीप्रमुख तयारीने आले होते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते: गेटवर जो बसला तो उद्या बिलातही घुसणार. व्याजाचे काम दोन महिन्यांनी केले तर आभाळ कोसळत नाही, इतकी वर्षे चाललेच आहे.

मॅडमनी एस्टिमेटवर वाद घातलाच नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "सपोर्ट किती ते किती?"

"दहा ते सहा. रविवार बंद."

"रात्री दोन वाजता वॉचमनच्या फोनवर ॲप अडकलं. बाहेर रुग्णवाहिका उभी आहे. तो कुणाला फोन करणार?"

केबिनमधले सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पंख्याकडे.

मग त्यांनी एकेक गोष्ट बाहेर काढली. बिलाचे सॉफ्टवेअर वापरतो खजिनदार, महिन्यातून दोन-चार संध्याकाळी. चूक झाली तर उद्या सुधारता येते. गेटचे ॲप वापरणार वॉचमन, चोवीस तास. वॉचमन एजन्सीचा, सारखा बदलणार, प्रत्येक नव्याला शिकवायचे कुणी? गेटवरचा फोन कुणाच्या मालकीचा? घरकाम करणाऱ्या बायकांचे फोटो आणि नंबर कुठे ठेवायचे, कोण बघणार? "हे फीचर नाही, सर. हा दुसरा धंदा आहे. करायचा तर करू, पण माणसं, पैसा, रात्रपाळी सगळं वेगळं उभं करून. व्याजाच्या पोटातून काढून नाही."

सर बराच वेळ गप्प होते. मग मॅडमनी विक्रीप्रमुखांना विचारले, "हा शब्द तुम्ही मला न विचारता का दिलात?"

विक्रीप्रमुख मान खाली घालून म्हणाले, "चुकलं." आणि तेव्हा सर म्हणाले, "त्यांनी नाही दिला. मी दिला. लग्नात भेटले होते ते, तिथे बोलून गेलो."

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. वरच्या पदावरच्या प्रॉडक्टच्या माणसाची खरी परीक्षा अडून बसलेल्या ग्राहकासमोर होत नाही, ती मालकासमोर होते. ज्याच्या शब्दावर कंपनी उभी राहिली, त्यालाच सांगायचे की आता तुमचा शब्द तुमचा एकट्याचा नाही. दरडावून सांगून चालत नाही आणि भिडेखातर गिळूनही चालत नाही. मॅडमनी त्या दिवशी सरांना अडचणीत धरले नाही. त्या म्हणाल्या, "मग त्यांच्याकडे आपण दोघं जाऊ. नाही मी म्हणेन. तुम्ही फक्त शेजारी बसा."

सर गेले. मी तिथे नव्हतो. परत आल्यावर सर दोन दिवस मॅडमशी कामापुरतेच बोलत होते, एवढे आठवते.

मागचे काय करायचे?

पुढचा कोड सुधारणे सोपे होते. मागच्या बिलांचे काय? गुपचूप दुरुस्त करून पुढे जाऊ, असे मत सीटीओचे, विक्रीप्रमुखांचे आणि (लाज सोडून सांगतो) माझेही होते. मार्च अखेरचे हिशेब बहुतेक सोसायट्यांत ऑडिट होऊन बसलेले. ते उकरले तर सभांमध्ये खुर्च्या उडतील.

मॅडमनी वेगळा मार्ग काढला. प्रत्येक सोसायटीसाठी सभासदवार तक्ता: लावलेले व्याज, सरळ व्याजाने आले असते ते, फरक. तो ईमेलने पाठवायचा नाही. आमच्या माणसाने खजिनदाराच्या हातात द्यायचा आणि समोर बसायचे. जुने हिशेब उघडायचे नाहीत. समितीने ठरवले तर फरक चालू वर्षात सभासदाच्या नावे जमा करायचा, ती नोंद आम्ही करून देऊ. संपूर्ण ऑगस्ट माझी टीम छत्र्या घेऊन वर्तकनगर ते कासारवडवली फिरली. मीही फिरलो. काहींनी चहा पाजला, एकाने तक्ता तोंडावर फेकला, काही सोसायट्यांनी आम्हाला सोडले. मानपाड्याच्या काकांनी तक्ता घेतला, लाल वही काढली आणि आमचे आकडे तपासायला बसले. अर्ध्या तासाने म्हणाले, "जुळतंय."

जीएसटीच्या बाबतीत माझे मॅडमशी चांगलेच वाजले. परिपत्रक स्पष्ट आहे, पूर्ण रकमेवर कर लावा आणि मोकळे व्हा, असे मी म्हणत होतो. त्यांनी मात्र 'पूर्ण रक्कम' की 'फक्त फरक' अशी निवड ठेवायला लावली. मी म्हणालो, इफ नको म्हणणाऱ्या तुम्हीच ना? त्यांचे उत्तर मला पाठ आहे: "एका गिऱ्हाइकासाठी टाकतात तो इफ. जिथे कायदाच अजून हलतोय तिथे स्क्रू ठेवायचा, वेल्डिंग नाही करायचं." २०२१ च्या जुलैमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कर फक्त फरकावर, असा निकाल दिला तेव्हा आमच्याकडे तो स्क्रू दोन वर्षांपासून होता.

बैठकीनंतर त्यांनी आणखी एक केले. विक्रीच्या केबिनमध्ये एक जाड वही ठेवली. ग्राहकाला काही नवे कबूल करायचे असेल तर आधी वहीत: तारीख, सोसायटी, काय मागितले, का मागितले, खाली सही. 'का' चा रकाना रिकामा असेल तर त्या वाचतही नसत. शुक्रवारी वही उघडायची आणि एकेका नोंदीवर हो, नाही किंवा पुढच्या तिमाहीत, हे त्याच दिवशी. वहीतली तिसरी का चौथी नोंद सरांच्या अक्षरात होती. मॅडमनी पुढे 'नाही' लिहिले होते आणि सरांनी खाली बारीक 'बरं'.

कौतुक एवढे पुरे. मॅडमचे चुकले तेही लिहायला हवे. विक्रीच्या मुलांचा इन्सेन्टिव्ह नव्या सोसायट्यांच्या संख्येवर होता आणि तो तसाच राहिला. ते आपले खाते नाही म्हणून मॅडमनी त्याला हात लावला नाही. मग काय, वहीत नोंदी कमी झाल्या आणि शब्द व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमधून जायला लागले. विक्रीप्रमुख त्या डिसेंबरात सोडून गेले. जाताना मला म्हणाले, "आकडा माझ्या डोक्यावर आणि 'नाही' त्यांच्या हातात. कसं जमायचं सांग." मला उत्तर देता आले नाही.

बिल्डर अर्थातच गेला, टॉवरांसकट. आणि २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा गेटवर कोण आले, कोण गेले याच्या नोंदीला असा भाव आला, की सर एकदा फोनवर म्हणाले, "तेव्हा केलं असतं तर?" असतेही चालले. किंवा रात्री दोनच्या फोनांनी आम्हाला बुडवलेही असते. मी दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतो, आणि घातलाही आहे, एकाच दिवशी.

मी पुढे ती कंपनी सोडली. माझ्या बिल्डिंगमध्ये आता गेटवर दुसऱ्याच कंपनीचे ॲप आहे; स्विगीवाला आला की माझा फोन वाजतो. मेंटेनन्सचे बिल येते ते मात्र आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून. परवा खजिनदारांनी मला लिफ्टमध्ये गाठले. "तुम्ही त्यातले आहात ना? हे दोन्ही एकातच का नाही हो देत?"

"वहीत लिहायला सांगा," मी म्हणालो. त्यांना काही कळले नाही. "आणि का पाहिजे, तेही लिहा."